क्योतोतल्या शंकासुर बाई

मी चहाला तोंड लावल्याशिवाय बाई स्वतःचा कप उचलत नसत. चहा त्यांचा, किटली त्यांची, घर त्यांचं, तरी विष कालवणार मी! मनातल्या मनात मी त्यांना शंकासुर म्हणायचे.

२०११च्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी मी क्योतोत पीएच.डी. करत होते. विषय चिनी क्रांतीची संगीत नाटकं: पदं, ढोल आणि शेवटी पक्षाचा जयजयकार. बाई तरुणपणी त्यांत गायच्या. त्या नाटकांत जपानी सैनिक म्हणजे हटकून खलनायक, आणि बाई जपान्याशीच लग्न करून इथे आलेल्या. त्यांच्या मुलाखतीवर माझा अख्खा प्रबंध अडला होता, पण रेकॉर्डर दिसला की बाई गप्प. दर गुरुवारी सायकल दामटत चढ चढायचा आणि दारात झडती द्यायची: तुला कुणी पाठवलंय? अस्सा वैताग यायचा. निघताना मात्र 'वाळलीस' म्हणून डबा भरून द्यायच्या. जीव जडला होता माझा त्यांच्यावर.

गायला लागल्या की साठीची बाई पोर व्हायची. नायकावर लख्ख उजेड, शत्रू अंधारात नि वाकलेला, हे स्वयंपाकघरात उभं राहून दाखवायच्या. त्यांची भूमिका छुपा शत्रू हुडकणाऱ्या मुलीची. "आमच्या नाटकात संशय घेणारा कधी चुकत नसे," त्या एकदा म्हणाल्या. "बाहेर चुकायचा." त्यांच्या ढोलवाल्या गुरुजींबद्दल मंडळीतल्याच कुणीतरी खोटी चुगली केली, गुरुजींना नेलं, ते परतले नाहीत. कुणी केली, विचारलं तर बाई कप विसळायला उठल्या.

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बाई काहीतरी लपवताहेत. त्यांच्या गावचे एक गृहस्थ क्योतोत होते. त्यांना गाठून, बाईंना कळू देऊ नका असं बजावून, मी चौकशी केली. संशोधन म्हणे! त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण मी येऊन गेल्याचं त्यांनी त्याच संध्याकाळी बाईंच्या कानावर घातलं.

गुरुवारी बाईंनी दाराची साखळी काढली नाही. फटीतून म्हणाल्या, "चुगली मीच केली होती. आज तुला सांगणार होते. रेकॉर्डर लावून."

मी चाचरत माफी मागितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"मी तेव्हा सोळा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "तू किती वर्षांची आहेस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्तावीस, मी म्हटलं, आणि त्यांनी हळूच दार लावून घेतलं.