दादाच्या पिकअपचं छत

आधीच सांगतो, असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की तोंड वाकडं करणारा मी माणूस. नसरापूरला माझं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. अपघातातल्या गाड्याही आतून नव्या करून दिल्यात... कधी काही जाणवलं नाही. पण ही गाडी माझ्या थोरल्या भावाची होती.

दादा पिकअपमधून वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांवरच्या शेळ्या-मेंढ्या बाजाराला न्यायचा. भलताच उंच. डोकं कायम छताला टेकायचं, त्यामुळे तिथं कापडाला तेलाचा काळा डाग पडलेला. खोबरेलात कापूर घालून लावायचा, केबिनभर तोच वास. गेल्या उन्हाळ्यात चहा पिता पिता बसल्या जागी गेला.

दहाव्याला भाटघरला पाण्याकाठी कावळा शिवेना. पोरांना शिकवतो म्हणालो, वहिनींना अंतर देणार नाही म्हणालो... छे! गाडीचा विषय कुणाच्या डोक्यातच आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. मला रडूसुद्धा आलं नाही. आतून सगळं सुन्न.

पुढं सारोळ्याचं एक गिऱ्हाईक आलं. आतून नवी करून दिली तर गाडी घेतो म्हणालं. वहिनी म्हणाल्या, "टाका इकून, भावजी. दारात दिसली की वाटतंय, ह्येच आल्यात." मी दारांचे पॅड बदलले, सीट नव्या केल्या, छताला नवं कापड लावलं.

सकाळी शटर उघडलं तर नव्या कापडावर डाग. ड्रायव्हरच्या डोक्यावर, त्याच जागी. चिकटवायचं सोल्यूशन जास्त झालं की कापडातून वर येतं, म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या आणि कापड बदललं. पुन्हा डाग. मग वैतागून रेक्झिन मारलं — त्यातून काही झिरपत नाही. दुसऱ्या दिवशी त्यावर बोट फिरवलं... तेलकट. वास कापराचा. दुकानाची किल्ली माझ्याच खिशात होती.

घाबरलो का? नाही. काहीच वाटलं नाही. वहिनींना फोन करून बोलावून घेतलं.

त्या एसटीनं आल्या, केबिनमध्ये चढल्या, डागाला हात लावून हुंगला. मग छताकडं बघून म्हणाल्या, "बरं, ऱ्हायलं. न्हाई इकत तुमची गाडी. मीच शिकते चालवाय." आणि पदरानं तेल पुसून घेतलं.

"वहिनी, येड लागलं का तुम्हाला?"

"व्हय, लागलंय."

गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. त्यानंतर डाग आला नाही. आता वहिनीच वेल्ह्याला जातात. उंचीनं लहान, डोकं कुठलं छताला लागतंय! जाता-येता दुकानाशी थांबतात. दरवेळी मी केबिनमध्ये चढून त्या जागी हात लावून बघतो. रेक्झिन कोरडं असतं. ते तेल कुठून आलं मला आजही माहीत नाही, आणि कुणी समजावायला आलं तर ऐकायची इच्छाही नाही.

परवा वहिनींनी पाहिलं. "काय बघताय, भावजी?"

"काही नाही... शिलाई उसवलीय का बघतोय," म्हणालो. आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा, तिथंच, गिऱ्हाइकांसमोर, ढसाढसा रडलो.