मनोहरदादांची भरलेली डिस्क

मनोहरदादांच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होतो. “काका, बाबा गेले,” एवढंच म्हणाली. महिना होत आला. मनावरचा थकवा मात्र अजून उतरत नाही...

मनोहरदादा इथल्या हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात माझे सीनियर. सेक्टर ६च्या क्वार्टरमध्ये शेजारी, निवृत्तीनंतर दोघंही वैशाली नगरात. वहिनींना पक्षाघात झाला आणि वाचा गेली, तेव्हा दादांनी त्यांना पहिलीच्या पुस्तकावरून पुन्हा बोलायला शिकवलं. पाणी, दार, चहा... रोजच्या सरावाचा व्हिडिओ ते लॅपटॉपमध्ये ठेवत, डॉक्टरांना दाखवायला. चार वर्षं हे चाललं. मग वहिनीही गेल्या.

या उन्हाळ्यात लॅपटॉप अडखळू लागला. डिस्क काठोकाठ भरली होती. मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, पुराने वीडियो डिलीट कर दो.” दादांनी फोन ठेवला आणि मला बोलावलं. “काहून पुसून टाकू, सांग? एकेका शब्दाले महिना लागला तिले.”

मी दुप्पट जागेची डिस्क आणली. जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायला लावलं. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली. अर्ध्यात लाईट गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दादा खुर्चीवरून हलले नाहीत. संध्याकाळी नवी डिस्क बसवून बघतो, तर जागा जुनीइतकीच! दादांचा चेहरा उतरला. “म्हणजे मोठं घर घेतलं अन् राहून राहिलो एकाच खोलीत?” जसंच्या तसं उतरवल्यानं डिस्कमधला कप्पाही जुन्याच मापाचा आला होता; उरलेली जागा नुसती पडून होती. मी तो कप्पा, म्हणजे पार्टिशन, वाढवून ती जोडून घेतली, तेव्हा कुठे हसले. तीच आमची शेवटची भेट.

परवा सुनीतानं बोलावलं. “काका, आमच्याजवळ बाबाचा एकही व्हिडिओ नाही. मतलब, एक भी नहीं. व्हिडिओ नेहमी बाबाच काढून राहायचे.” दादांच्या टेबलाशी बसून आम्ही वहिनींची एक फाइल उघडली. पडद्यावर वहिनी ओठ जुळवत होत्या. शब्द येईना. वैतागून त्यांनी मान फिरवली. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून दादांचा आवाज आला, “घाई नाही. फिरून म्हण. मी बसून आहो इथंच.”

सुनीतानं तोंडावर हात ठेवला. मग दुसरी फाइल लावली. मग तिसरी. मी उठून स्वयंपाकघरात गेलो, चहा ठेवला. दादा-वहिनींचे आवाज तिथपर्यंत येत होते.