तपासलेली मासळी

शहरातल्या बाजारात बॉम्ब फुटला आणि इकडे अंधेरीत आमच्या चाळीने संरक्षण समिती काढली. मी रोज दोन वर्तमानपत्रे वाचतो, म्हणून चिटणीस मी. बाहेरच्यांच्या टोपल्या फाटकावर तपासायच्या, असे ठरले.

वर्सोव्याची कोळीण नेहमीसारखी हाका मारत आली. घरमालकालाही तिने कधी 'अहो' म्हटले नव्हते. बॉम्बनंतर बाजार ओस पडला होता. आता तिचा धंदा आमच्या चाळीवरच होता, आणि ऊन चढत होते.

"टोपली तपासायचीय," मी नाकाला रुमाल लावून म्हणालो.

तिने टोपली माझ्या पायाशी आदळली. "घाल ना हात, भाऊ! पण हात लावलेली मासळी घ्यावी लागंल हां!"

वर कठड्याशी माझी सोवळी आई उभी होती. मी हात न लावताच मान डोलावली आणि तिला आत सोडले.

कोळणीने टोपली डोक्यावर घेतली आणि चाळभर ओरडत सुटली, "घ्या गं बायांनो, चिटणिसानं तपासलेली मासळी!"

तिची टोपली तासाभरात रिकामी झाली. हात लावला नाही असे शपथेवर सांगूनही आईने मला अंघोळीशिवाय घरात घेतले नाही. नळाखाली बसूनच मी शहरात शांतता परतल्याचा ठराव रचला. संध्याकाळी समितीने तो एकमताने मंजूर केला.