उजवीकडे झुकलेल्या रेषा

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावात बर्फ पडत होता. ऑफिसला निघायचं की घरूनच लॉगिन करायचं, या विचारात मी असतानाच सुमनकाकूंचा फोन आला. "मेधा, हे गेले गं. चहा घेतला, पेपर उघडला आणि खुर्चीतच... काही त्रास झाला नाही." काकूंचा आवाज शांत होता. मी धावत त्यांच्या घरी पोचले, तेव्हा दत्ताकाकांचा चष्मा अजून नाकावरच होता. आता सहा आठवडे उलटून गेले, तरी मला राहून राहून वाटतं, हा माणूस तीन वर्षांपूर्वी गेला असता तर असा गेला नसता.

दत्ताकाका माझे नात्याने कुणीच नव्हते. मी नागपूरची, ते सातारा जिल्ह्यातले. दोन हजार एक साली मी वर्क व्हिसावर इथे आले, तेव्हा पहिल्याच गणेशोत्सवात त्यांनी विचारलं होतं, "पोरी, बर्फात गाडी चालवता येते का?" येत नव्हती. त्यांनी शिकवली. जन्मभर गाड्यांच्या कारखान्यात धातूंच्या चाचण्या घेण्यात गेलेला माणूस, तीस-पस्तीस वर्षं अमेरिकेत काढलेला, पण बोलणं गावाकडचं आणि मोजकं. पुढे त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, हायवेवर गाडी चालवणं बंद झालं आणि शनिवारी त्यांना कुठे कुठे नेण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात ते गावी जाऊन आले आणि बदललेच. जेवताना हात थांबायचा, प्रश्न विचारला तर दोनदा विचारावा लागायचा. मग एका शनिवारी त्यांनी मला बेसमेंटमध्ये नेलं आणि रुमालातून एक काळवंडलेला, चेपलेला धातूचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. बंदुकीची गोळी होती. त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, तात्यांच्या पेटीतून काढून त्यांना दिली होती. तात्या म्हणजे काकांचे वडील. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात होते. तिथल्या जंगलात ही गोळी त्यांच्या मांडीत शिरली, इस्पितळात काढली, आणि ते कायमचे लंगडत घरी आले.

"गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं," काका म्हणाले. "पण आमच्याच गावचा एक शिपाई सुट्टीवर आला आणि पारावर बसून सांगितलं, की गोळी लागली तेव्हा आसपास एकही जपानी नव्हता. धूर नाही, जाळ नाही. याने आपल्याच बंदुकीनं स्वतःला गोळी मारून घेतली, घरी परतायला."

फौजेत चौकशी झाली होती, शिक्षा झाली नव्हती. पण घरटी एक माणूस पलटणीत असलेल्या त्या गावात एवढं बोलणं पुरेसं होतं. आक्काची ठरलेली सोयरीक मोडली. तिचं लग्न पुढे झालं ते लांबच्या गावी, बिजवराशी. तात्यांनी कधी कुणाला उत्तर दिलं नाही. एकाहत्तर साली ते वारले, तेव्हा काका अमेरिकेत होते. वेळेवर पोचता आलं नाही.

"माझं आयुष्य धातू तपासण्यात गेलं," काका गोळीकडे बघत म्हणाले. "आता हीच तपासायची."

त्यानंतरची दोन वर्षं मी त्यांना लायब्ररीतून पुस्तकं आणून देत होते. त्या जपानी काडतुसाचा सगळा इतिहास त्यांना पाठ झाला. ते मला गाडीत समजावून सांगत. एकोणिसावं शतक संपता संपता जपानने हे साडेसहा मिलिमीटरचं बारीक काडतूस घेतलं. आधी गोळीचं टोक गोल होतं, काही वर्षांनी अणकुचीदार झालं. शिपाई अंगाने लहान, म्हणून खांद्याला झटका कमी बसेल असं ते केलेलं. दारू बेताची आणि नळी लांबलचक, त्यामुळे दारू नळीतच जळून जायची आणि तोंडाशी जाळ जवळजवळ दिसायचाच नाही. हे वाचलं त्या दिवशी काकांनी मला ऑफिसात फोन केला होता. "मेधा, जाळ दिसत नसे म्हणे. जंगलात गोळी कुठून आली ते कळतच नसे."

पण पुढचं प्रकरण वाचून ते पुन्हा खचले. चीनमधल्या लढायांत जपान्यांना हे काडतूस कमजोर वाटलं, म्हणून महायुद्धाच्या तोंडावर त्यांनी दुसरं जाड काडतूस काढलं. जुन्या बंदुका काही सगळ्या बदलता आल्या नाहीत, त्यामुळे दोन्ही प्रकार रणांगणावर राहिले. आणि त्या नव्या जाड गोळीची जाडी इंग्रजी गोळीइतकीच होती... म्हणजे तात्यांच्या हातातल्या बंदुकीच्या गोळीइतकीच. काकांनी मोजून पाहिलं. एका बाजूने माप इंग्रजी गोळीचं यायचं, दुसऱ्या बाजूने बारीक जपानी गोळीपेक्षाही कमी. हाडावर आपटून ती चपटली होती. टोक तुटलेलं, आतलं शिसं सांडलेलं, म्हणून वजनाचाही भरवसा नाही. "माप घेऊन काही कळत नाही," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे वाक्य प्रथमच ऐकलं.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात फ्लिंटजवळ जुन्या शस्त्रांचं प्रदर्शन होतं. मला असल्या ठिकाणी जायची भीती वाटत होती, पण काका म्हणाले, "ड्राइव्ह करशील ना?" आणि मी गेले. तिथे वॉल्टर नावाचे ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ भेटले. त्यांच्या भावाने पॅसिफिकमधल्या युद्धातून एक जपानी बंदूक आणली होती, आणि त्या बंदुकीपायी हे आयुष्यभर जपानी काडतुसं जमवत आले होते. काकांनी सगळं सांगितलं, गावचं बोलणंसुद्धा. वॉल्टरनी गोळी तेलाच्या फडक्याने बराच वेळ पुसली, भिंगाखाली धरली आणि विचारलं, "जाडी सोडा. रेषा पाहिल्यात?"

गोळी नळीतून फिरत बाहेर पडावी म्हणून नळीच्या आत आटे कोरलेले असतात आणि त्यांचे ओरखडे गोळीच्या अंगावर उठतात, हे काकांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. इंग्रजी बंदुकीचे आटे डावीकडे वळतात, जपानीचे उजवीकडे. वॉल्टरनी रेतीच्या ढिगात झाडून परत काढलेल्या दोन गोळ्या टेबलावर उभ्या ठेवल्या, एक इंग्रजी, एक जपानी, आणि मधे तात्यांची. मग भिंग काकांच्या हातात दिलं. "तुमचं तुम्हीच बघा."

काकांनी बघितलं. गोळी वळवून, चष्मा काढून, चष्मा लावून बघितलं. मग भिंग माझ्याकडे दिलं. चपटलेल्या भागात काही नव्हतं, पण बुडाशी चार बारीक रेषा शाबूत होत्या. चारही उजवीकडे झुकलेल्या.

"जपानी," वॉल्टर म्हणाले. "तुमच्या वडिलांना शत्रूनेच गोळी मारली."

काकांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही.

परतताना हायवेवर काही मैल गेल्यावर ते म्हणाले, "जरा बाजूला घे." मी एका पेट्रोल पंपाशी गाडी थांबवली. ते समोर बघत बोलले, "सतरा वर्षांचा होतो. कॉलेजच्या फीवरून भांडण झालं. मी तात्यांना म्हणालो, पळपुट्यानं मला शिकवू नये. ते उठले आणि बैलाला वैरण घालायला गेले. पुन्हा कधी त्यावर बोलले नाहीत... मी कधी माफी मागितली नाही, मेधा. कारण मलाही खरंच तसं वाटत होतं." मग ते रडले, मोठ्याने, लहान मुलासारखे. बऱ्याच वेळाने त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "भूक लागलीय. इथं काय मिळतं?" दोन वर्षांत त्यांनी आपणहून खायला मागितलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणानंतर, गावी उजाडायच्या वेळेला, त्यांनी स्पीकरवर आक्काला फोन लावला. रेषांचं सगळं समजावलं.

"मला म्हायती हुतं की," आक्का म्हणाली. "तात्यांनी मला सांगितलं हुतं, मी न्हाई मारून घेतली म्हून. तेवढं बास हुतं मला."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कधी?" आणि मग हलकेच, "बरं झालं दत्ता. आता तू सुटलास."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा काका स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकत होते. खाली काकू तात्यांचा फौजी पोशाखातला फोटो धरून उभ्या होत्या. लग्न तात्या गेल्यानंतरचं, त्यालाही तीस वर्षं होऊन गेली, पण सासऱ्यांचा चेहरा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. गेल्या महिन्यात काकांचा फोटो लावायचा होता, तेव्हा काकूंनी दुसरी भिंत बघितलीच नाही. "यांना तिथंच बसू दे, वडिलांशेजारी," त्या म्हणाल्या. "आता दोघांचं पटतं."