आप्पांना माणूस कळत नाही

दुसऱ्याच्या मनातलं काडीचंही न कळणारा माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात एकच आहे, आणि मी त्याच्याच रोपवाटिकेत कामाला आहे. वारूळवाडीत कुणालाही विचारा. "आप्पा व्हय? लई सरळ, पण त्याला माणूस कळत न्हाई राव," असं म्हणून समोरचा हसेल. हसू दे. माणसं कळणारे पुष्कळ पाहूनच मी हिंगोलीहून इथवर आले आहे.

पहिल्या दिवशी आप्पांनी मला चहा विचारला. मी रीतीप्रमाणे "नको" म्हणाले. "बरं," म्हणून माझ्या वाट्याचाही तेच पिऊन गेले. तीन दिवस असं झालं. चौथ्या दिवशी मी निमूटपणे "हो" म्हणाले, तर कौतुकानं म्हणतात, "आता आवडाया लागला व्हय चहा?" कुणी शेतकरी टोमॅटोची रोपं पाहून "बघू आप्पा" म्हणत पाय काढता घेतो. आपल्याला कळतं, हा काही परत येत नाही. आप्पा त्याच्या नावाची चिठ्ठी लावून ट्रे बाजूला ठेवतात आणि सकाळी फोन करतात, "बघितलं का?" एकदा जीपमध्ये कुणीतरी सहज म्हणालं, "या की येडगावला घरी." दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आप्पा बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन हजर. घरात धावपळ उडाली, तर यांनाच नवल. "तुमीच या म्हणलं व्हतं ना?" तेव्हापासून इकडची माणसं आप्पांना आमंत्रण तोलूनमापून देतात.

काकूंचं उलट. गिऱ्हाईक फाटकातून आत येईस्तोवर त्याच्या बायकोशी भांडण झालंय की नाही, हे त्यांना ठाऊक. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन दोघांत एवढा फरक कसा? काकू म्हणतात, "जन्मापासून तसलंच ध्यान ते." मला पटत नाही. माझी शाळा आठवीत सुटली, तरी हे मी ठासून सांगते की ज्याला दुसऱ्याच्या मर्जीवर राहावं लागतं, त्याला मनं वाचता येतात. आई आणि मी मामाकडे वाढलो. मामी तवा कसा ठेवते, त्या आवाजावरून दुसरी भाकरी मागावी की नाही ते मला कळायचं. काकूही सोळाव्या वर्षी या घरात सून म्हणून आल्या. आप्पा एकुलते एक, त्यांना कुणाचा तवा ऐकावा लागला नाही. पण असले एकुलते एक गावात ढीगभर आहेत, आणि त्यांना वाटतं आपल्याला सगळं कळतं. आपल्याला कळत नाही, हे आप्पांना कळतं. म्हणून ते विचारतात.

यंदा ऐन कलमांच्या दिवसांत, दोन रोपं जोडून सांध्याला क्लिप लावायची घाई असताना, आईचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. मला जायचं होतं. पण अशा दिवसांत रजा मागितली तर जागा जाईल, या भीतीनं मी गप्प होते. शेडनेटखालच्या सगळ्या बायांना माझ्या तोंडावरून कळलं होतं. सगळ्या समजून गप्प होत्या. आप्पा आले. "परवापासून तुझ्या कलमांच्या क्लिपा सुटाया लागल्यात. काय झालंय?"

"काही नाही."

"बरं," म्हणून ते खरंच निघून गेले. थोड्या वेळानं परत आले. "काय झालंच न्हाई, तर क्लिपा का सुटत्यात?"

मी सांगून टाकलं. आई येऊ नको म्हणते, तेही सांगितलं.

"मग झालं की. नको म्हणती ना?"

"आप्पा, ते नको म्हणजे ये असतं."

"आसं कुठं असतंय? लाव फोन."

बायांचे हात थांबले. आप्पा फोनचा स्पीकर लावून बोलले, "ताई, मी रोपवाटिकेचा मालक. मला आडून बोललेलं कळत न्हाई. पोरीनं यावं का न्हाई, येवढंच सांगा."

पलीकडे आईनं सुस्कारा सोडला. आईच्या प्रत्येक सुस्काऱ्याचा अर्थ मला पाठ आहे. पण पुढचे शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. आई म्हणाली, "येऊ द्या तिला. भ्या वाटतंय मला."

आप्पांनी फोन माझ्या हातात दिला. शेजारी ट्रे लावणाऱ्या काकू म्हणाल्या, "मला कवाच कळलं व्हतं, हिचा जीव तिकडं लागलाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"कलमाचे दिवस हायेत," काकू म्हणाल्या आणि खाली बघत ट्रे सारखे करू लागल्या. संध्याकाळी मात्र त्यांनी न विचारता माझी शिदोरी बांधली, आणि तीत मला आवडतो तसा जाडसर ठेचा होता. कळण्याचा तोही उपयोग आहे, नाही म्हणत नाही.

नारायणगावच्या स्टँडवर सोडायला आप्पा आले. गाडी लागली. मी म्हणाले, "येते आप्पा."

"कधी?"

मला हसू आलं, मग येईना. पाच वर्षांपूर्वी मामाच्या दारातून निघतानाही मी "येते" म्हणाले होते. ही आता काही लवकर येत नाही, हे तिथं प्रत्येकाला समजलं होतं. म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

"पुढच्या बुधवारी," मी म्हणाले.

"बरं," आप्पा म्हणाले, आणि गाडी हलेपर्यंत तिथंच उभे राहिले.