एका चांदणीचा सौदा

आमच्या धारूरची सीताफळं परगावच्या नावानं खपतात, याचा मला व्यापारी म्हणून लई राग. म्हणून विकीच्या, म्हणजे कुणालाही माहिती भरता येते अशा संकेतस्थळाच्या, पानासाठी धारूरच्या सीताफळांवर मजकूर लिहिला. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणीची खूण (*) दिली की तो पानावर ठळक होतो, हे कळल्यावर एकही शब्द सोडला नाही.

अंबाजोगाईत असा मजकूर पानावर चढवून देणाऱ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "चाचा, समदेच वरडले तर ऐकू कुणाचं यील?"

"निम्मे ठळक ठेवा."

"एक."

"दहा तरी!"

"एकच." फळावरची मुंगी उडवावी तशा त्या हसत एकेक चांदणी उडवत होत्या.

जन्मात पहिल्यांदा मी समोरच्याच्या भावाला मान डोलावली. त्यांचं नावही विचारायचं राहिलं. पानावर आता एकच शब्द ठळक आहे: धारूर.