पंखावरचे टाके

माझी चौथीच झाली आहे. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल वाचणाऱ्याने रागावू नये. पण परांजपे साहेबांवर चार ओळी लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

त्या दुपारी दुकानात गादी शिवत होते. समोरच्या एसटीडी बूथवाल्याने रस्त्यापलीकडून हाक मारली, "वहिनी, परांजपे साहेबांचं विमान पडलं हो. साहेब गेले." खरं लिहायचं तर पहिला विचार साहेबांचा आला नाही... कापड सुटलं का, हा आला. कारण त्या विमानाचे पंख मी शिवले होते.

साहेब पनवेलचेच, कारखान्यातून निवृत्त झालेले. कोणीतरी मोडीत काढलेलं, आकाशात कोलांट्या मारणारं एक लहान विमान त्यांनी विकत घेतलं आणि ओवे गावाच्या वाटेवरच्या शेडमध्ये तीन वर्षं खपून दुरुस्त केलं. त्याच्या पंखांचा सांगाडा लाकडी, वर ताणलेलं कापड. ते कापड प्रत्येक फासळीला दोऱ्याने बांधायचं असतं, त्याला पंखाच्या आरपार जाणारी सुई लागते. तशी सुई शिंप्याकडे नसते, गादीवाल्याकडे असते. नवरा गेल्यावर आमचं गादीचं दुकान मीच चालवत होते. साहेब आले, माझी लांब सुई हातात घेऊन बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, विमानाला टाके घालाल?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "अगो, इमानाला गादी नाय लागत, दावं लागतंय. बांधून ठेव, नायतर उडून जाईल!" साहेब एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पंख उभा करून मी एका बाजूला बसायची, साहेब दुसऱ्या. मी सुई खुपसायची, त्यांनी पलीकडून ओढून परत पाठवायची. परक्या माणसाशी बोलताना माझी जीभ अडते. पण मध्ये पंख असल्यामुळे तोंड दिसायचं नाही, म्हणून मी खूप बोलले. मी कापूस हाताने पिंजते हे त्यात निघालं. साहेबांनी पिंजण्याच्या यंत्रासाठी तीन हजार काढून दिले. मी म्हटलं, उसने म्हणून घेईन, महिन्याला शंभर फेडीन, नाहीतर नको.

मुंबईहून विमान तपासायला सरकारी साहेब लोक आले. एकाने पट्टी लावून टाक्यांमधलं अंतर मोजलं, सगळीकडे सारखं. "कशाने मोजलंत बाई?" मी बोटाची दोन पेरं दाखवली. त्याने पट्टी खिशात घातली.

पहिल्यांदा विमान उडवत पनवेलवर आले तेव्हा साहेबांनी मला आधी सांगून ठेवलं होतं, "वहिनी, खाडीकडे बघा. उलटा होईन, म्हणजे वरच्या बाजूचे टाकेही तुम्हाला दिसतील." आणि झाले उलटे! टाके कसले दिसतात एवढ्या लांबून... पण मी गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्यांमध्ये उभी राहून टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेऊन नमस्कार केला.

मग ती दुपार आली. साहेब असतानाच एकोणीसशे फिटले होते, अकराशे उरले होते. तेराव्यानंतर मी महिन्याचे शंभर रुपये घेऊन सुमनताईंकडे गेले. साहेबांच्या बायको त्या. त्यांनी पैशांकडे नाही, माझ्या हातांकडे बघितलं. "आत्ता नको. चौकशी होऊ दे." बाजारात तर लोक उघड म्हणायचे, गादीवालीने विमान शिवलं, दुसरं काय होणार. सासूबाई त्यांच्याशी भांडायच्या. मला भांडताही येत नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. शिवायला बसले की एकेक गाठ दोनदा ओढून बघायची. दर महिन्याचे शंभर मात्र डब्यात टाकत राहिले.

अकरा महिन्यांनी, परवा, सुमनताई स्वतः दुकानात आल्या. हातात चौकशीचा कागद होता. उभ्यानेच वाचून दाखवला. शेपटीकडे जाणारा लोखंडी दांडा आतून गंजून तुटला होता. पंखांबद्दल एकच ओळ होती, कापड जागच्या जागी, एकही टाका सुटलेला नाही. ती ओळ मी त्यांना तीनदा वाचायला लावली. चौथ्यांदा सासूबाईंनी लावली, शेजारच्या दुकानांत ऐकू जाईल अशा आवाजात.

मग सुमनताई बाकावर बसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "वहिनी, माझे अकराशे राहिलेत तुमच्याकडे. आणा."

मी डबा त्यांच्या पदरात उपडा केला. त्यांनी एकेक नोट मोजून घेतली, एकही सोडली नाही. "फिटले," म्हणाल्या, "पुरते फिटले."